एका डोळ्यात मावलेली रात्र

आज रात्री एक प्रयोग करून बघा. जेवणं झाल्यावर गच्चीवर जा आणि रस्त्यावरच्या दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या वटवाघळाचा मोबाइलवर फोटो काढा. नाइट मोड लावा, बर्स्ट मोड लावा, हवं ते लावा. शंभर फोटोंमध्ये काळं आकाश मिळेल, दिव्याचा पिवळा गोळा मिळेल आणि नशीब जोरावर असेल तर एक पुसट रेघ मिळेल. ती रेघ म्हणजे तुमचं वटवाघूळ.

यात तुमच्या फोनचा फारसा दोष नाही. अंधारात कॅमेऱ्याला उजेड गोळा करायला वेळ लागतो आणि उडणारा जीव तेवढा वेळ देत नाही. दोघांचं मुळातच पटत नाही. आज आपल्या हातात इतकी ताकदवान मशिन्स असूनही ही गत आहे. मग काचेच्या प्लेटवर फोटो काढले जायचे, एका फोटोनंतर प्लेट बदलावी लागायची, त्या काळात रात्री उडणाऱ्या घुबडाचं एकेक पीस मोजता येईल असा फोटो कुणी काढला असेल का?

काढला होता. इंग्लंडमधल्या एका माणसाने. आणि तो फोटो काढण्याच्या अकरा वर्षं आधी एका घुबडानेच त्याचा डावा डोळा घेतला होता.

त्याचं नाव एरिक हॉस्किंग. वाइल्डलाइफ फोटोग्राफी करणाऱ्या तुमच्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला विचारा, कदाचित नाव माहीत असेल. गोष्ट मात्र फार कमी जणांना माहीत असते.

नोकरी गेली आणि रस्ता सापडला

एरिकचा जन्म 2 ऑक्टोबर 1909 चा, लंडनचा. आठेक वर्षांचा असताना त्याला पहिला कॅमेरा मिळाला, कोडॅकचा बॉक्स ब्राउनी. हा कॅमेरा म्हणजे जवळजवळ पुठ्ठ्याचं खोकंच. पुढे एक साधं भिंग आणि बाजूला एक खटका. फोकस करायची सोय नाही, स्पीड बदलायची सोय नाही. त्यात पक्षी म्हणजे ठिपका दिसायचा. तरी पोरगा घरट्यांच्या आणि अंड्यांच्या मागे लागलेला.

पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो मोटारींच्या धंद्यातल्या एका कंपनीत कामाला लागला. चार-पाच वर्षांत ती कंपनी बुडाली आणि विशीच्या उंबरठ्यावर एरिक बेकार झाला. 1929-30 चा काळ होता, जगभर मंदीची लाट येत होती. आजच्या भाषेत सांगायचं तर डिग्री नाही, एक्स्पीरियन्स जेमतेम आणि बाहेर लेऑफचं वातावरण. ओळखीचं वाटतंय ना?

त्याच सुमारास एका वर्तमानपत्राने त्याला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नव्याने आलेल्या एलिफंट सीलचा फोटो काढायला सांगितलं. हा प्राणी अवाढव्य असतो. पण नुसत्या प्राण्याचा फोटो काढला तर तो किती मोठा आहे हे वाचणाऱ्याला कळणार कसं? एरिकने एका छोट्या मुलीला त्या धुडाजवळ उभं केलं आणि खटका दाबला. फोटो छापून आला. फोटो फक्त दिसत नाही, तो काहीतरी सांगतो, हे त्या पोराला तेव्हाच कळलेलं होतं. त्याने ठरवलं की आता पोट भरायचं ते यावरच.

निर्णय धाडसाचा होता. पक्ष्यांचे फोटो काढून घर चालवणारी माणसं तेव्हा इंग्लंडमध्येही नव्हती म्हटलं तरी चालेल. हा श्रीमंतांचा किंवा पाद्री-डॉक्टरांचा रविवारचा छंद होता. एरिकने जमेल ती कामं घेतली. फोटो विकले, लेख लिहिले, स्लाइड दाखवत व्याख्यानं दिली. घर त्यावर चाललं आणि मन पक्ष्यांवर राहिलं.

पक्ष्यांना मोजता येत नाही!

आता जरा त्या काळच्या कामाची पद्धत समजून घेऊ, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

आज आपण शंभर फुटांवरून 600 एमएमची लेन्स लावतो. तेव्हा अशा लेन्सेस नव्हत्या. पक्ष्याचा मोठा फोटो हवा तर पक्ष्याजवळच जावं लागायचं, अगदी चार-पाच हातांवर. एरिकच्या आधीच्या पिढीत रिचर्ड आणि चेरी कीर्टन नावाचे दोन भाऊ होऊन गेले. त्यांनी तर बैलाचं कातडं ताणून आतून पोकळ बैल बनवला होता. त्याच्या पोटात फोटोग्राफर कॅमेरा घेऊन वाकून उभा राहायचा. गंमत म्हणून नव्हे बरं का, खरोखर काम म्हणून!

एरिकच्या वेळेपर्यंत बैल गेला आणि कापडी लपण आलं. लपण म्हणजे ज्याला आपण हाइड म्हणतो ते. चार काठ्या, त्यावर कापड आणि लेन्सपुरतं भोक. ते एकदम घरट्याशेजारी नेऊन ठोकलं तर पक्षी घरटं सोडून जाईल. म्हणून ते आधी लांब उभं करायचं. पक्ष्याला सवय झाली की थोडं पुढे सरकवायचं, मग आणखी थोडं. झाडावर उंच घरटं असेल तर शेजारी लाकडी मनोरा उभारायचा, तोही एका दिवसात नाही. रोज थोडा थोडा, वाढत्या इमारतीसारखा. फोटोच्या आधीचे कित्येक दिवस असे फक्त सुतारकामात जायचे.

आत शिरायची पण युक्ती होती. दोघांनी मिळून लपणापर्यंत जायचं. एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने पक्ष्याला दिसेल असं निघून जायचं. माणसं आली होती, माणसं गेली, असं समजून पक्षी निवांत व्हायचा. दोन आले आणि एकच गेला, हा हिशोब बहुतेक पक्ष्यांना जमत नाही.

हे झालं दिवसाचं. एरिकचा जीव मात्र रातपाखरांवर होता. घुबडं, रातवे, संध्याकाळ झाली की जागे होणारे सगळे. तिथे अडचणी तिप्पट. एक तर पक्षी दिसत नाही. दुसरं म्हणजे घुबड ऐकूही येत नाही. त्याच्या पंखांच्या कडेला झालरीसारखे मऊ दाते असतात, ते हवेचा आवाज मोडून टाकतात. कानाजवळून गेलं तरी पत्ता लागत नाही. आणि तिसरी अडचण उजेडाची.

सुरुवातीच्या फोटोग्राफरांकडे रात्रीसाठी मॅग्नेशियमची पूड होती. ती पेटवली की भक्कन उजेड, आवाज आणि धूर. पक्षीही दचकणार आणि फोटोग्राफरची बोटं भाजण्याची भीती वेगळीच. 1930 च्या दशकात इंग्लंडमध्ये साशालाइट नावाचे फ्लॅश बल्ब मिळू लागले. काचेच्या बल्बमध्ये अॅल्युमिनियमचा अतिपातळ पत्रा आणि ऑक्सिजन. वीज दिली की पत्रा जळून लख्ख उजेड पडायचा. आवाज नाही, धूर नाही. पण एक बल्ब, एक फोटो. एरिकने हे बल्ब घेऊन रात्री जागवल्या आणि घरट्याशी येऊन टेकलेल्या घुबडांचे उत्तम फोटो मिळवले.

लक्षात घ्या, टेकलेल्या. उडणाऱ्या नव्हे. ते अजून लांब होतं.

मे 1937

मध्य वेल्सच्या एका रानात एरिकला टॉनी आऊलचं घरटं सापडलं होतं. टॉनी आऊल म्हणजे झाडाच्या ढोलीत राहणारं तपकिरी घुबड. आकाराने मध्यम, पण पिल्लं असताना स्वभावाने फार तिखट. घरट्याशेजारी मनोरा उभारून वर लपण बांधलेलं होतं.

12 मेची रात्र. अंधारात एरिक मनोरा चढून लपणाकडे निघाला. त्याला काही दिसलं नाही, पंखांचा आवाजही आला नाही. एकदम चेहऱ्यावर जोराचा फटका बसला. घुबडाची नखी डाव्या डोळ्यात खोल रुतली होती.

इथे क्षणभर थांबून विचार करा. पेनिसिलिनसारखी जंतूंना रोखणारी औषधं डॉक्टरांच्या हातात यायला अजून काही वर्षं होती. नखातून डोळ्यात गेलेला संसर्ग थांबवायला फारसं काही नव्हतं. एरिकला लंडनच्या मूरफील्ड्स या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण डोळा सुधारेना. एका जखमी डोळ्यामुळे दुसरा चांगला डोळाही जाऊ शकतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. शेवटी प्रश्न एरिकपुढे आला. डोळा काढायचा, की दोन्ही गमावण्याचा धोका पत्करायचा?

एरिक तेव्हा 27 वर्षांचा होता. डोळा हेच त्याच्या पोटापाण्याचं साधन. त्याने डावा डोळा काढायला परवानगी दिली.

आता सिनेमात असता तर इथे हिरो घुबडांचा बदला तरी घेतो, नाहीतर धंदा तरी सोडतो. एरिकने दोन्ही केलं नाही. दवाखान्यातून सुटल्यावर फार दिवस न थांबता तो पुन्हा टॉनी आऊलच्या मागावर निघाला. फरक इतकाच की या वेळी त्याच्या चेहऱ्यावर तलवारबाजीचे खेळाडू घालतात तसा जाळीचा मुखवटा होता.

ही गोष्ट सांगताना लोक त्याच्या धाडसाबद्दल बोलतात. मला त्या मुखवट्याबद्दल बोलावंसं वाटतं. मुखवटा घालणं म्हणजे घुबडाचं म्हणणं मान्य करणं आहे. पिल्लं त्याची, झाड त्याचं, रात्र त्याची. तिथे शिरणारा मी. ते हल्ला करणारच, आणि तो त्याचा हक्क आहे. मग काळजी कुणी घ्यायची? मी. घुबडाने स्वभाव बदलावा अशी अपेक्षा एरिकने केली नाही, त्याने स्वतःची तयारी बदलली. पुढचं सगळं आयुष्य या एका गोष्टीवर उभं आहे.

पुढे 1970 मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव ‘अॅन आय फॉर अ बर्ड’. पक्षी हेरणारी नजर असाही अर्थ होतो आणि पक्ष्यासाठी दिलेला डोळा असाही. स्वतःच्या जखमेवर इतका हलका विनोद करायला मन केवढं मोकळं लागत असेल, बघा.

आणि एक गंमत. दोन डोळ्यांमुळे आपल्याला अंतराचा अंदाज येतो. एक गेला की जिना उतरताना, पेल्यात पाणी ओतताना चुकायला होतं. पण कॅमेरा? तो तर जन्मापासून एकाच डोळ्याचा! फोटोग्राफर व्ह्यूफाइंडरला डोळा लावतो तेव्हा बहुतेकदा दुसरा मिटूनच घेतो.

अंधार शत्रू नाही, मित्र

1939 मध्ये एरिकने डोरोथीशी लग्न केलं, त्याच वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं. एका डोळ्याच्या माणसाला सैन्यात जागा नव्हती. त्या वर्षांत त्याचं काम पुस्तकांत उतरत गेलं. सिरिल न्यूबेरी या मित्राबरोबर त्याने 1944 मध्ये दिवसाच्या पक्ष्यांवर आणि 1945 मध्ये रात्रीच्या पक्ष्यांवर पुस्तक केलं. पण उडणारं घुबड अजून हाती लागत नव्हतं.

का लागत नव्हतं? थोडं गणित करू, घाबरू नका, सोपं आहे. आपल्याकडे ज्याला गव्हाणी घुबड म्हणतात त्याचे इंग्लंडमधले भाऊबंद म्हणजे बार्न आऊल. पांढरं पोट, बदामाच्या आकाराचा चेहरा. ते सावकाश उडतं, तरी सेकंदाला पाच मीटर धरू. फ्लॅश बल्बचा उजेड टिकतो साधारण एक पन्नासांश सेकंद. तेवढ्यात घुबड पुढे जातं दहा सेंटिमीटर. म्हणजे फोटोत घुबडाऐवजी दहा सेंटिमीटरचा धूसर पट्टा. पंखांची टोकं तर शरीरापेक्षाही वेगाने हलतात, ती दिसणारच नाहीत.

आता हाच उजेड एक पाचहजारांश सेकंद टिकला तर? घुबड सरकेल फक्त एक मिलिमीटर. बास! प्रत्येक पीस वेगळं दिसेल.

असा उजेड तोपर्यंत तयार झालेला होता. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन या इंजिनिअरने 1930 च्या दशकात इलेक्ट्रॉनिक फ्लॅशवर मोठं काम केलं होतं. यात काही जळत नाही. विजेचा साठा आधी भरून ठेवायचा आणि मग तो वायूने भरलेल्या नळीतून एका झटक्यात सोडायचा. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी शतांश भागात उजेड येऊन जातो. आज तुमच्या कॅमेऱ्यावर बसतो तो छोटा फ्लॅश याच घराण्यातला. तेव्हा मात्र हे प्रकरण अवजड होतं, रानात ओढत न्यायचं म्हणजे हमालीच.

महायुद्ध संपल्यावर एरिकने फिलिप हेन्री या जाणकाराच्या साथीने असा फ्लॅश रानातल्या पक्ष्यांसाठी वापरायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये पक्ष्यांच्या फोटोंसाठी हे नवीनच होतं. आणि इथे अख्खा प्रश्न उलटा झाला. इतके दिवस अंधार ही अडचण होती. पण काळ्याकुट्ट रात्री फ्लॅशखेरीज दुसरा उजेडच नसतो. म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहिला याला फारसं महत्त्व उरत नाही. चित्र उमटतं ते फक्त फ्लॅश चमकला तेवढ्या कणभर वेळात. हेच दिवसा करून बघा, भोवतीचा उजेड घोळ घालतो आणि फोटोत भुतासारखी दुसरी आकृती येते. ज्या अंधाराला सगळे घाबरत होते, तोच या फोटोला स्वच्छ करत होता.

घुबडाने स्वतःच काढलेला फोटो

तरी एक मोठा प्रश्न बाकी होता. खटका दाबायचा कधी?

माणसाला काही दिसून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. पाव सेकंदात आपलं घुबड सव्वा मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे फ्रेमच्या बाहेर. त्यातून अंधारात दिसणार काय? तिथे डोळा एक असो की दोन, काही फरक पडत नाही. कितीही चपळ माणूस इथे हरणार.

मग हुशारी कशात आहे? आपण हरणार हे कबूल करण्यात. एरिक आणि हेन्री यांनी माणसाचं बोट या खेळातून काढूनच टाकलं. घुबडाच्या नेहमीच्या वाटेवर प्रकाशाचा एक बारीक झोत आडवा सोडायचा. समोर फोटोइलेक्ट्रिक सेल, म्हणजे उजेड ओळखणारा विजेचा डोळा. घुबड उडत आलं, झोत तुटला, की सेलला कळतं. लगेच कॅमेऱ्याचा पडदा उघडतो आणि फ्लॅश चमकतो. मॉलचं दार आपण जवळ गेलं की आपोआप उघडतं ना, तसलीच युक्ती.

पण यंत्रालाही थोडा वेळ लागतोच. झोत तुटल्यापासून फ्लॅश चमकेपर्यंत एक पन्नासांश सेकंद गेला, तरी घुबड दहा सेंटिमीटर पुढे जातं. म्हणून फोकस झोतावर धरून चालत नाही, थोडा पुढे धरावा लागतो. किती पुढे? ते त्या पक्ष्याच्या वेगावर. आणि घुबड नेमकं त्याच वाटेने येईल याची खात्री काय? इथे यंत्र संपतं आणि ती जुनी लपणातली विद्या कामाला येते. कोणत्या भोकातून आत शिरतं, आधी कोणत्या तुळईवर बसतं, शिकार घेऊन किती वेळाने परततं, पिल्लांचा गलका कधी वाढतो. अंधारात बसलेल्या माणसाला कान डोळ्यांपेक्षा जास्त सांगतात. हे सगळं आधी पाठ असेल तरच झोत योग्य जागी लावता येतो.

1948 मध्ये इंग्लंडच्या सफोक भागात तो फोटो मिळाला. बार्न आऊल समोरून येतंय, दोन्ही पंख वर उचललेले, चोचीत उंदरासारखा एक छोटा प्राणी. पंख इतके सारखे उघडलेत की जुन्या राजघराण्यांच्या ढालींवर कोरलेला पक्षीच वाटावा. मागे मिट्ट काळोख. फोटो काळा-पांढरा आहे, आणि रंगांची आठवणसुद्धा येत नाही. नेटवर शोधलात तर मिळेल, बघाच.

खरं सांगायचं तर तो फोटो काढला घुबडानेच. स्वतःच्या पंखांनी झोत तोडून. एरिकने काय केलं? घुबडाला जसं यायचं होतं तसं येऊ दिलं आणि त्या जागी सगळं तयार ठेवलं. वेल्सच्या त्या रात्री जे तो शिकला, तेच.

पुढच्या वर्षी ‘बर्ड्स इन अॅक्शन’ हे पुस्तक आलं आणि उडताना पक्ष्याचे पंख नेमकं काय करतात, हे लोकांनी पहिल्यांदाच इतक्या स्वच्छपणे पाहिलं. आपल्या डोळ्याला कधीच न दिसणारी गोष्ट एका डोळ्याच्या माणसाने दाखवली होती.

नंतरचा प्रवास

पुढची चाळीस वर्षं भराभर सांगतो. ‘न्यू नॅचरलिस्ट’ या गाजलेल्या निसर्ग-पुस्तकमालेचं फोटो संपादन त्याने केलं. ‘ब्रिटिश बर्ड्स’ या मासिकाच्या फोटोंची जबाबदारी कित्येक वर्षं सांभाळली. गाय माउंटफर्ट यांच्या मोहिमांबरोबर तो स्पेनच्या दलदलीत गेला, डॅन्यूब नदीच्या खोऱ्यात गेला, जॉर्डनच्या वाळवंटात गेला. 1960 च्या दशकात वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या मोहिमेत आपल्या शेजारी, पाकिस्तानातही येऊन गेला. या मोहिमांवर पुस्तकं निघाली ती त्याच्या फोटोंसकट. 1977 मध्ये ब्रिटनने त्याला ओबीई हा सन्मान दिला. मुलगा डेव्हिडही वन्यजीव फोटोग्राफरच झाला. 22 फेब्रुवारी 1991 रोजी, वयाच्या 81 व्या वर्षी एरिक गेला.

आता आपल्याकडे बघू

एरिकचं सगळंच आज जसंच्या तसं उचलायचं का? नाही. तो काळ वेगळा होता. घरट्याजवळ जाऊन फोटो काढणं तेव्हा नेहमीचं होतं, कारण दुसरा मार्गच नव्हता. आज लांबच्या लेन्सेस आहेत आणि फोटोग्राफर मूठभर नसून हजारोंनी आहेत. एका घरट्याभोवती वीस जणांनी गर्दी केली तर पिल्लांचं काय होईल? म्हणून आज जाणकार लोक घरट्यावरचे फोटो काढू नका असंच सांगतात, आणि रात्रीच्या पक्ष्यांवर सारखे फ्लॅश मारण्याबद्दलही सावध करतात.

उचलायचा आहे तो क्रम. आधी पक्षी, मग फोटो. आज कित्येकदा उलटं होतं. घुबड उडावं म्हणून झाडाखाली टाळ्या वाजवणारे आहेत. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणारे आहेत. उंदीर सोडून घुबडाला खाली उतरवणारेही आहेत. लाइक्स मिळतात, पण त्या फोटोत पक्ष्याचं खरं वागणं नसतं. आपण त्याला करायला लावलेलं नाटक असतं.

आणि घुबडाच्या बाबतीत आपण अजून एक ओझं घेऊन फिरतो. घरावर घुबड बसलं की अपशकुन, हे लहानपणी बहुतेकांनी ऐकलेलं असतं. जुना वाडा, पडका बुरूज, गोदाम, सोसायटीची पाण्याची टाकी, अशा जागी गव्हाणी घुबडं निवांत राहतात आणि रात्रभर आपलेच उंदीर मारतात. तरी त्यांना दगड बसतात, अंधश्रद्धेपायी त्यांची चोरटी विक्रीही होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या घुबडांना संरक्षण आहे, त्यांना पकडणं किंवा मारणं हा गुन्हा आहे, हे किती जणांना माहीत असतं? ज्याचा डोळा घुबडाने खरोखर घेतला, त्याने घुबडाला कधी अशुभ ठरवलं नाही. आपलं तर घुबडाने काहीच घेतलेलं नाही.

एरिक गेला त्याच वर्षी ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या जगप्रसिद्ध स्पर्धेत त्याच्या नावाने पुरस्कार सुरू झाला. कुणासाठी माहितेय? 18 ते 26 वयाच्या फोटोग्राफरांसाठी. आणि एका फोटोवर नाही, फोटोंच्या संचावर. फ्रान्सचा व्हिन्सेंट म्युनिए हा आज जगभर नावाजलेला फोटोग्राफर, त्याने तरुणपणी हा पुरस्कार लागोपाठ तीनदा मिळवला. पुढे पुरस्काराचं नाव बदललं, पण तरुणांसाठीचा तो विभाग राहिला. एकच फोटो नशिबानेही लागू शकतो. संच लागतो तो फक्त पुन्हा पुन्हा त्याच जागी जाणाऱ्याला.

तेव्हा महागडी लेन्स घ्यायच्या आधी एक फुकटातलं काम करून बघा. घराजवळची एक जागा निवडा. नदीचा पूल, कॉलेजमागचं वडाचं झाड, शेतातली विहीर, काहीही. सोबत कुणाला तरी घ्या आणि आठ दिवस संध्याकाळी तिथे बसा. कॅमेरा नेऊ नका. वही न्या. कोण किती वाजता निघतं, कोणत्या फांदीवरून निघतं, कुठे जातं, ते लिहा. नवव्या दिवशी कॅमेरा कुठे ठेवायचा हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.